हंगामाआधीची बांधणी : स्प्रिंटर आणि उडीपटूंच्या दुखापतींचा हिशेब

१०० मीटरच्या शर्यतीत पूर्ण वेग पकडलेल्या धावपटूचा पाय एका वेळी जमिनीला टेकतो तो सेकंदाचा जेमतेम दहावा भाग. तेवढ्यात त्या एका पायावर शरीराच्या वजनाच्या चार-पाच पट भार येऊन जातो. तिहेरी उडीत पहिल्या टप्प्यानंतर पाय आदळतो तेव्हा हा भार १५ पटींपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. असा भार सोसण्याची ताकद ऐन स्पर्धांच्या दिवसांत कमावता येत नाही. भारतात वरिष्ठ गटाच्या मैदानी स्पर्धांना साधारण मार्चच्या सुमारास जोर चढतो. म्हणजे पाऊस ओसरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे महिने बांधणीचे, आणि हंगामात पुढे कुरकुरणाऱ्या बऱ्याच दुखापतींचे मूळ याच महिन्यांत असते.

अडचण अशी की, शरीराचे सगळे भाग एकाच गतीने तयार होत नाहीत. दम दोन-तीन आठवड्यांत वाढू लागतो. स्नायूंची ताकद सहा-आठ आठवड्यांत जाणवते. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा मात्र तीन महिने आणि त्याहूनही अधिक वेळ घेतात. हाडाची रीत आणखी वेगळी. नवा भार पडला की शरीर आधी जुने हाड थोडे झिजवते आणि मग त्या जागी नवे भरते. मधल्या काळात हाड उलट किंचित कमकुवत असते. त्यामुळे नडगीचे दुखणे पहिल्या दिवशी डोके वर काढत नाही, काही आठवड्यांनी काढते. नेमका तेव्हा खेळाडूचा दम आणि उत्साह भरात असतो, आणि सराव एकदम वाढवण्याचा मोह होतो. बांधणीचा वेग ठरवायचा तो सर्वांत सावकाश तयार होणाऱ्या भागाकडे पाहून.

स्प्रिंटरची ठरलेली दुखापत म्हणजे मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंग. २०१७ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत चार बाय शंभर रिलेच्या शेवटच्या टप्प्यात उसेन बोल्ट लंगडत कोसळला, तो हाच स्नायू धरून. कारकिर्दीतली ती त्याची अखेरची शर्यत ठरली. पाय पुढे झेपावून जमिनीला टेकण्याच्या बेतात असतो, त्या क्षणी पुढे फेकल्या गेलेल्या नडगीला हॅमस्ट्रिंग मागून आवर घालतो. स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी पूर्ण जोरही लावत असतो. वेग जितका जास्त, तितका हा ताण जास्त. त्यामुळे ही दुखापत बहुधा पूर्ण वेगातच होते, आणि हॅमस्ट्रिंगच्या गटातला बाहेरच्या बाजूचा स्नायू सर्वाधिक वेळा जायबंदी होतो.

यावरचा सर्वाधिक तपासलेला व्यायाम ‘नॉर्डिक’. गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदाराने घोटे घट्ट धरायचे आणि धड ताठ ठेवून होईल तितके सावकाश पुढे झुकायचे. फुटबॉलपटूंवरच्या अभ्यासांत, हा व्यायाम असलेला कार्यक्रम राबवणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती सुमारे निम्म्यावर आल्या. सुरुवातीला आठवड्यातून एकदा पाच-पाचचे दोन सेट पुरेत. पहिल्या आठवड्यात मांड्या चांगल्याच भरून येतात.

मात्र केवळ व्यायामाने हा स्नायू वेगासाठी तयार होत नाही, त्याला वेगाची सवय लावावी लागते. आपल्याकडे महिनोन्‌महिने मैदानाला संथ फेऱ्या मारून घ्यायच्या आणि स्पर्धा तोंडावर आली की अचानक स्पाइक्स चढवून शंभर टक्के पळायला लावायचे, ही पद्धत अजून मुरलेली आहे. दुखापतीला याहून सोपे आमंत्रण नाही. वेग पहिल्या महिन्यापासून थोडा थोडा हवा. आधी चढावर २०-३० मीटरच्या धावा, कारण चढावर पूर्ण वेग गाठताच येत नाही आणि हॅमस्ट्रिंग फारसा ताणला जात नाही. मग सपाटीवर तेवढेच अंतर, पुढे ४०-५० मीटर आणि अखेरीस धावत येऊन पूर्ण वेगाचे २० मीटर. जोराच्या धावेनंतर दर १० मीटरमागे साधारण एक मिनिट विश्रांती, हा प्रशिक्षकांचा जुना ठोकताळा आहे. वेगाच्या दोन सत्रांत ४८ तासांचे अंतर ठेवावे.

उडीपटूंचे दुखणे गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेत आणि टाचेवरच्या अकिलीस कंडरेत घर करते. पॅरिस ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेला लांब उडीपटू मुरली श्रीशंकर एप्रिल २०२४ मध्ये सरावातच गुडघा दुखावल्याने त्या स्पर्धेला मुकला. शस्त्रक्रियेनंतर जुलै २०२५ मध्ये पुण्यात त्याने ८.०५ मीटर उडी मारून पुनरागमन केले. कंडरेला धक्क्यांपेक्षा जड आणि सावकाश भार मानवतो : वजन घेऊन हळू स्क्वॉट, आणि टाचा उचलण्याचा व्यायाम गुडघा सरळ ठेवून व वाकवूनही. उड्यांचा सराव मोजूनच करावा. नवख्याने एका सत्रात पाय टेकण्याची संख्या ८०-१०० च्या आत ठेवावी. सुरुवात दोन पायांच्या ठेंगण्या उड्यांनी, नंतर एका पायाच्या. पिटमध्ये आधी सहा-आठ पावलांचा रनअप आणि पूर्ण रनअप शेवटच्या महिन्यात.

दुखणे ओळखण्यातही भेद करावा लागतो. कंडरेत सरावावेळी हलकी कळ आली आणि दुसऱ्या सकाळी ती वाढलेली नसली, तर भार थोडा उतरवून सराव चालू ठेवता येतो. पण नडगीवर किंवा पावलाच्या वरच्या भागात एका बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा असेल, तर धावणे-उड्या थांबवून डॉक्टरांना दाखवावे. ते हाडाचे दुखणे असू शकते, आणि ‘चालून चालून मोकळे होईल’ हा मैदानावरचा सल्ला तिथे घातक ठरतो.

सरावाची जमीनही महत्त्वाची. डांबरी रस्ता, पावसाने उखणलेले मैदान आणि सिंथेटिक ट्रॅक या तिन्हींवर पोटरीला मिळणारा मार वेगळा असतो. पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरावर १६०० मीटर आणि १०० मीटरची तयारी करणाऱ्या मुलांच्या नडग्या याच्या साक्षीदार आहेत. जमीन किंवा बूट बदलले, तर पहिले दोन आठवडे अंतर कमी करावे. स्पाइक्स तर आधी चार-पाच धावांपुरतेच.

वाढीच्या वयातल्या मुलांच्या गुडघ्याखाली दुखरा उंचवटा येतो तेव्हा उड्या कमी करणे हाच मुख्य उपाय. मुलींची पाळी काही महिने चुकत असेल, तर ती मेहनतीची खूण समजू नये. सरावाच्या मानाने खाणे अपुरे पडते आहे आणि हाडे धोक्यात आहेत, असा त्याचा अर्थ असू शकतो.

जुनी दुखापत ही नव्या दुखापतीची सर्वांत मोठी पूर्वसूचना असते. त्यामुळे मागच्या हंगामात हॅमस्ट्रिंग गेलेल्या खेळाडूने कळ थांबल्यावर नॉर्डिक सोडू नये. हंगामभर आठवड्यातून एकदा तरी करावा. पहिल्या स्पर्धेआधीच्या दहा-बारा दिवसांत धावांची संख्या निम्मी करावी, पण वेग तसाच ठेवावा. वेगच कमी केला, तर स्पर्धेच्या दिवशी तो पुन्हा अचानक अंगावर येतो.