नऊ रुपयांची मोळी

उसाच्या फडात हिशेब टनाने होतो, पण माणसाच्या डोक्यावर येते ती मोळी. ती पंचवीस किलोची धरू. कधी वीसची असते, ओला ऊस असला की पस्तीसचीही होते. पंचवीसच्या हिशेबाने टनाला चाळीस मोळ्या होतात. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड संघटना यांच्यात करार झाला, तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. बातम्यांत ती वाढ मोठी दिसली. ३६६ ला चाळीसने भागा. एका मोळीचे ९ रुपये १५ पैसे येतात. बुडापासून ऊस छाटायचा, पाचट काढायचं, वाढं तोडायचं, कांड्या एकसारख्या लावून मोळी बांधायची, आणि या सगळ्याचे नऊ रुपये. तेही दोघांत. कारण फडात माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता.

परभणी जिल्ह्यातल्या पिंगळीवरून मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्ग जातो. निजामाच्या काळातली ही लाइन. आजही परभणी-नांदेडकडे शिकायला, दुकानात कामाला, कचेरीत जाणारी माणसं याच गाड्यांनी ये-जा करतात. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या मात्र रेल्वेने जात नाहीत. त्यांच्यासोबत पाच महिन्यांचा संसार असतो: पत्र्याची पेटी, ज्वारीचं पोतं, चूल, ताडपत्री, शेळी, कोंबड्या, लेकरं आणि कधीकधी म्हातारी आई. दसरा-दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या बाजूंनी ट्रक आणि ट्रॅक्टर भरून निघतात, तसेच शेजारच्या बीडमधून. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, थेट बेळगावपर्यंत. परभणी जिल्ह्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर ऊस उभा असतो आणि याच जिल्ह्यातली माणसं साडेचारशे-पाचशे किलोमीटरवरचा ऊस तोडायला जातात. ज्या कारखान्याची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली, पाय तिकडेच वळवावे लागतात.

या स्थलांतराची दुसऱ्या एका मराठी स्थलांतराशी तुलना केली पाहिजे असं मला फार दिवस वाटत आलं आहे. तीही माणसं ऊसच तोडायला गेली होती, फक्त समुद्र ओलांडून, मॉरिशसला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून पोर्ट लुईच्या बंदरात ३६ हिंदी मजूर उतरले. ते कलकत्त्याहून आले होते. इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली होती आणि मळेवाल्यांना हात हवे होते. पुढच्या पाऊण शतकात सुमारे साडेचार लाख माणसं त्या बेटावर उतरली. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, बरीच तमिळ-तेलुगू मुलखातली, आणि मुंबई बंदरातून चढलेली रत्नागिरी, सातारा, सावंतवाडीकडची मराठी माणसं. परभणी तेव्हा निजामाकडे होती. तिथून कुणी गेल्याचं ऐकिवात नाही.

आता आपल्याकडचा आकडा. ऊसतोड मजूर नेमके किती, यावर आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत काहीही ऐकायला मिळतं. तेव्हा उलटीकडून मोजू. २०२१-२२ हा महाराष्ट्राचा विक्रमी हंगाम. सुमारे २०० कारखान्यांनी १३ कोटी २० लाख टन ऊस गाळला. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो असं धरलं आणि हंगाम १५० दिवसांचा धरला, तर एका जोडप्याच्या वाट्याला ३०० टन येतात. म्हणजे एवढा ऊस तोडायला ४ लाख ४० हजार कोयते लागतील. माणसं ८ लाख ८० हजार. हार्वेस्टरचा वाटा वजा करा, मग कर्नाटकात गेलेल्या टोळ्या, बैलगाडीवाले आणि कामाला जुंपलेली पोरं मिळवा. आकडा तिथेच आसपास राहतो.

मॉरिशसला ७६ वर्षांत मिळून जेवढी माणसं गेली, त्याच्या जवळजवळ दुप्पट माणसं महाराष्ट्रात दर वर्षी, दिवाळीच्या आगेमागे, काही आठवड्यांत घर सोडतात. आणि हे एकदा घडलं असं नाही, दर वर्षी घडतं. मॉरिशसच्या त्या स्थलांतराला जगाच्या इतिहासात जागा आहे. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, मजूर जिथून चढून वर यायचे त्या सोळा दगडी पायऱ्यांसकट, २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आपल्या टोळ्या मात्र अंधारात निघतात आणि दुसऱ्या दिवशी गावात नुसती कुलपं दिसतात.

२०२१-२२ च्या त्या विक्रमी हंगामातल्या मोळ्या मोजल्या तर ५२८ कोटी भरतात. जगाची लोकसंख्या आठशे कोटींच्या घरात आहे, म्हणजे पृथ्वीवरच्या दर तीन माणसांमागे दोन मोळ्या. त्या उसाची साखर झाली १३७ लाख टन. मॉरिशसने आपल्या भरभराटीच्या काळात, १९७३ मध्ये, काढलेली साखर सात लाख टनांच्या थोडी वर होती. एका टन उसातून साधारण १०४ किलो साखर निघते. तोडणीचे ३६६ रुपये त्यात वाटले तर किलोमागे साडेतीन रुपये होतात. चहाच्या कपात दोन चमचे, दहा ग्रॅम साखर घातली तर त्यातले साडेतीन पैसे तोडणाऱ्या जोडप्याचे.

मजुरी कमी आहे, हे झालंच. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती ही मजुरी कशी बांधली जाते ती रीत. मॉरिशसला जाणाऱ्याला गिरमिट, म्हणजे करारपत्र, लिहून द्यावं लागे: पाच वर्षं, महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, तेल, मीठ. निघताना काही महिन्यांचा पगार आगाऊ मिळे आणि माणूस तिथेच अडके. आपल्याकडे टोळी जमवणारा मुकादम पावसाळ्यातच उचल वाटतो. पोरीचं लग्न, दवाखाना, पेरणीचं बी, जुनं देणं, यांत ती उचल हातात येते न येते तोच संपते. कोयत्याला लाखाची उचल असेल तर ती फेडायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. मोळ्यांत सांगायचं तर १०,९२९ मोळ्या. दिवसाला ८० मोळ्यांनी सुमारे १३७ दिवस. १५० दिवसांच्या हंगामात मग तेरा दिवसांची कमाई उरते, ९,८०० रुपये. त्यातूनच हंगामभर घेतलेली आठवड्याची खर्ची वळती होते. पाऊस पडला, कारखाना बंद राहिला, अंगात ताप भरला, की हिशेब उलटा फिरतो आणि ‘बाकी’ पुढच्या वर्षावर जाते.

मॉरिशसच्या मळ्यावर ‘डबल कट’ नावाचा कायदा होता: एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांचा पगार कापायचा. आपल्या फडात खाडा आहे. एक दिवस पडला की त्या दिवसाची मजुरी बुडतेच, वर मुकादम दंड लावतो, पाचशे, कधी हजार. दोन दिवस कमावलेलं एका दिवसात जातं. दीडशे वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या राज्यव्यवस्थांत, एकाच पिकाभोवती तोच नियम उगवला, हे मला भयंकर वाटतं. तिकडे निदान तो कायद्याच्या पुस्तकात छापलेला होता, म्हणून त्यावर बोट ठेवता आलं. इकडे तो मुकादमाच्या वहीत असतो.

बोट ठेवलंही गेलं. १८७१ मध्ये मॉरिशसच्या जुन्या गिरमिटियांनी गव्हर्नरकडे अर्ज केला, त्यावर ९,४०१ सह्या आणि अंगठे होते. अडॉल्फ द प्लेविट्झ या गोऱ्या मळेवाल्याने तो लिहायला मदत केली आणि त्यापायी स्वतःच्या लोकांचा मारही खाल्ला. पुढच्याच वर्षी विलायतेहून रॉयल कमिशन चौकशीला आलं. साखरेचे भाव पडल्यावर मळेवाल्यांनी जमिनींचे तुकडे पाडून विकायला काढले आणि ते विकत घेणाऱ्यांत गिरमिट संपलेली माणसं होती. पाच-पाच रुपयांतून साठवलेल्या पैशांची जमीन झाली. हे सगळं सुखाने झालेलं नाही. कॉलरा, १८६७ चा हिवताप, फोटो चिकटवलेला परवाना जवळ नसला तर तुरुंग, १९३७ चा गोळीबार, हे सगळं मध्ये आहे. पण गिरमिटावर शेवटची तारीख होती. उचलीवर ती नाही. बाप उचल फेडून मेला तरी पोरगा स्वतःच्या लग्नासाठी नवी उचल घेतो.

१९५९ मध्ये मॉरिशसमध्ये प्रत्येक प्रौढाला मत मिळालं, १९६८ ला देश स्वतंत्र झाला, १९७७ पासून माध्यमिक शिक्षण फुकट झालं. आज तिथलं दरडोई उत्पन्न वर्षाला अकरा-बारा हजार डॉलरच्या घरात आहे, भारताचं अडीच हजारांच्या आसपास. क्षेत्रफळाने पाहाल तर परभणी जिल्ह्यात तीन मॉरिशस बसतात. लोकसंख्येने परभणी दीडपट. तिथली मराठी माणसं देशात दोन टक्क्यांच्या आसपास असतील, पण मराठी सरकारी शाळांतून शिकवलं जातं, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, कोकणातली जाखडी तिथे झाकरी म्हणून नाचली जाते, आणि कास्कावेल हे गाव मराठी मंडळींचं म्हणून ओळखलं जातं. ऊस तोडणाऱ्यांचे पणतू आज मास्तर आहेत, वकील आहेत, सरकारी नोकरीत आहेत.

आपल्याकडच्या पणतूंचा हिशेब करू. ऊसतोडीला गेलेलं लेकरू नोव्हेंबरात शाळा सोडतं आणि मार्च-एप्रिलात परत येतं. शाळेच्या दहा महिन्यांतले निदान पाच गेले. पहिली ते आठवी ऐंशी महिने. त्यातले चाळीस फडात. पाचट पेटवून थंडी घालवायची, धाकट्याला सांभाळायचं, आई मोळी उचलून ट्रकच्या फळीवरून वर चढत असताना खाली उभं राहून वाढ्याच्या पेंढ्या बांधायच्या. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली, काही चांगली चालली. पण वसतिगृहंही तिथेच चालतात जिथे गावात मागे राहिलेली आजी आहे आणि मास्तराला आस्था आहे.

आणि बाई. कोयता जोडीचा लागतो म्हणून पोराचं लग्न लवकर उरकतात, आणि पोरीचं त्याहून लवकर. पाळी आली तर खाडा, गरोदर असली तरी मोळी, फडात ना संडास ना आडोसा. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. सहा बायकांमागे एक. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा आकडा शेकडा ३.२ होता, इथे तो जवळजवळ १७. अनेकींनी तिशी-पस्तिशीत, कर्ज काढून ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि ते फेडायला पुन्हा उचल घेतली. मला या लेखातल्या सगळ्या आकड्यांत हा एकच आकडा सहन होत नाही.

तो आपल्याला कळला, कारण कुणीतरी घरोघर जाऊन मोजलं. बबनराव ढाकणे यांच्यापासून गोपीनाथ मुंडे यांच्यापर्यंत नेत्यांनी कोयता बंद ठेवून दर वाढवून घेतले, तो लढा मोठाच होता. पण दर टनाचा वाढला. बाई कागदावर आलीच नाही. उचल नवऱ्याच्या नावावर, अंगठा नवऱ्याचा, पावती नवऱ्याची. अर्धा ऊस तिने तोडलेला असतो.

मॉरिशसने मोजणी आधीपासून केली, भल्यासाठी नव्हे, मजूर पळू नये म्हणून. प्रत्येक उतरलेल्या माणसाला क्रमांक दिला. नाव, बापाचं नाव, गाव, जात, वय, उंची, अंगावरची खूण आणि पुढे फोटो. त्या वह्या आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवल्या आहेत, आणि मॉरिशसचा तरुण तिथे जाऊन आपला खापरपणजा कुठल्या तालुक्यातला ते शोधून काढतो. ज्या नोंदी बेडीसारख्या वापरल्या गेल्या, त्यांचाच पुढे हक्कासाठी उपयोग झाला. ९,४०१ सह्यांच्या अर्जाला वजन आलं, कारण सही करणारा प्रत्येक जण कुणीतरी होता.

आपल्याकडे गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे दहा रुपये कारखान्यांनी द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे असं ठरलं. विक्रमी हंगामाच्या हिशेबाने दोन्ही मिळून २६४ कोटी. ८ लाख ८० हजारांत वाटले तर माणशी तीन हजार रुपये. विमा, वसतिगृह, फिरता दवाखाना यांसाठी हा पैसा थोडा आहे, पण अगदीच नगण्य नाही. अडचण अशी की तो माणशी पोचवायला आधी माणूस वहीत हवा. ओळखपत्रं देण्याचं काम ग्रामसेवकांवर सोपवलं गेलं आहे. ते पुरं करायचं तर प्रत्येक ग्रामपंचायतीत टोळी निघण्याआधी नोंद व्हायला हवी: कोण निघालं, कुठल्या कारखान्याला, उचल किती, मागची बाकी किती, सोबत किती लेकरं आणि ती कुठल्या इयत्तेत. मुकादमाच्या वहीतला आकडा आणि पंचायतीच्या वहीतला आकडा शेजारी शेजारी आला पाहिजे. आणि कोयता या शब्दाखाली एक नाव न लिहिता दोन लिहायला हवीत, मजुरीही दोन खात्यांवर. म्हणजे ४ लाख ४० हजार बायकांची नावं. बंदरावरच्या कारकुनांनी ७६ वर्षांत टाक-दौतीने याहून जास्त नावं लिहिली. आपल्या प्रत्येक ग्रामसेवकाच्या खिशात फोन आहे, आणि पुढचा दसरा यायला अजून अवकाश आहे.