रमजानातला 'उपवास'

रमजान लागला की इंडोनेशियातले मुसलमान एकमेकांना 'सलामत बरपुआसा' अशा शुभेच्छा देतात. यातला 'सलामत' अरबी, 'बर' हा मलाय भाषेचा उपसर्ग आणि 'पुआसा' चक्क आपला संस्कृत 'उपवास'! रोजा सोडणं म्हणजे 'बुका पुआसा', रमजान म्हणजे 'बुलान पुआसा', उपासाचा महिना.

सुरुवातीचा 'उ' गळाला, 'व'चा उच्चार सैल झाला आणि 'उपवास'चा 'पुआसा' झाला. यात नवल काही नाही. आपणही त्यातला 'व' खाऊन 'उपास'च म्हणतो.

हा शब्द तिथे पोचला तो इस्लामच्या कितीतरी आधी. सुमात्रातल्या पालेम्बांगजवळ 1920 मध्ये सापडलेला केदुकान बुकित शिलालेख प्राचीन मलाय भाषेत आहे. पण लिपी पल्लव, शब्द पुष्कळसे संस्कृत आणि कालगणना आपल्या पंचांगातलीच, शके 604. म्हणजे इसवी सन 682. तेव्हा तिथे श्रीविजयाचं बौद्ध राज्य होतं. व्यापारी आणि भिक्षू यांच्याबरोबर धर्मविचारांची भाषाही समुद्र ओलांडून गेली होती.

तेराव्या शतकाच्या अखेरीस उत्तर सुमात्रात सुलतानांचं राज्य आलं, पुढे बेटांमागून बेटं मुसलमान झाली. नमाज-जकातीचे अरबी शब्द आलेच. पण जुने शब्द कुणी हद्दपार केले नाहीत. धर्माला आजही 'आगामा' म्हणतात, पापाला 'दोसा', स्वर्गाला 'सुर्गा', नरकाला 'नराका'. सत्कृत्याबद्दल अल्लाकडून मिळणारं फळ म्हणजे 'पहाला', मूळ शब्द 'फल'. मलेशियातल्या तेरेंगानूच्या चौदाव्या शतकातल्या शिलालेखाची लिपी अरबी वळणाची, पण त्यात अल्लाचा उल्लेख येतो 'देवाता मूलिया राया' असा!

'पुआसा' रमजानपुरता मर्यादित नाही. पैगंबरांचा पायंडा म्हणून अनेक जण दर सोमवारी आणि गुरुवारीही उपास धरतात. वार ओळखीचे वाटले, तरी तिथे मावळतीपर्यंत पाण्याचा थेंबही चालत नाही. खिचडीची तर बातच सोडा.

अर्थात खिचडीतल्या साबूदाण्याचं नातंही तिकडचंच. सागो हे नाव मलाय 'सागू'वरून आलं. सागू म्हणजे त्या बेटांवरच्या ताडवर्गीय झाडाच्या गाभ्यातलं पीठ. उपवास आपल्याकडून तिकडे गेला आणि उपासाच्या पदार्थाचं नाव तिकडून जगभर पसरलं. शब्दांच्या व्यापारात असं देणंघेणं दोन्ही बाजूंनी होतं. भाषेच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.