स्वयंपाकघरातली स्तुती

संध्याकाळी सातच्या सुमाराला आमच्या चंदगडच्या गल्लीतून एक चक्कर मारली, तर काय काय ऐकू येतं सांगू? एका घरातून टीव्हीवरची मालिका, दुसऱ्या घरातून पोरांची शुभंकरोती, आणि थोडं पुढं गेलं की एका कौलारू घरातून एका सुरात चाललेली प्रार्थना. एक बाई पुढं म्हणते, बाकीचे मागून म्हणतात. नव्या माणसाला वाटेल, पाढे चाललेत! पण ती असते तेर्स, म्हणजे कॅथलिक घरातली माळेची प्रार्थना. दहा-दहा मण्यांचे पाच भाग. तेवढ्यात कुकरची शिट्टी होते, कुणी मधेच उठून गॅस बारीक करून येतं, आणि परत येऊन मणी पुढं सरकतो.

तिळारीचा घाट उतरला की दोडामार्ग, आणि पुढं गोवा. या वाटेनं माणसांची ये-जा जुनीच. आमच्या गल्लीतल्या ख्रिस्ती घरांचं मूळही गोव्याकडचंच. घरात कोंकणी, बाजारात आमची चंदगडी मराठी. आमच्या बचत गटात या घरातल्या दोघी-तिघी आहेत. कर्जाचा हप्ता घेतला, पावती दिली की त्यांच्यातली एक म्हणते, “देव बरें करूं.” कोंकणीत ‘आभारी आहे’ याला हाच शब्द. देव तुझं बरं करो! आपण नुसतं ‘थँक्यू’ म्हणून मोकळ्या होतो. या बाईच्या तोंडून मात्र दिवसातनं वीस वेळा प्रार्थनाच बाहेर पडते, आणि तिला त्याचं काही विशेष वाटत नाही. एस.टी.च्या कंडक्टरनं सुटे पैसे परत दिले तरी देव बरें करूं!

ख्रिस्ती म्हटलं की आपल्याकडं अजून पुष्कळांच्या डोळ्यांपुढं इंग्रजी बोलणारी, फ्रॉक घातलेली बाई येते. सिनेमानं करून ठेवलेलं नुकसान, दुसरं काय! खरं म्हणजे देवाची ही स्तुती आपल्या मराठीत, आपल्या ओवीत चारशे वर्षांपूर्वीच आली. फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट धर्मगुरू मूळचा इंग्रज. १५७९ मध्ये तो गोव्यात उतरला, इथली भाषा शिकला आणि १६१६ मध्ये त्याचं ‘क्रिस्तपुराण’ रायतूरला छापून निघालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या! मराठीचे खिळे हाताशी नव्हते म्हणून छापलं रोमन अक्षरांत, पण ग्रंथ मराठीच. लोकांना पुराणं ऐकायची सवय होती, म्हणून त्यानं येशूची कथाही पुराणासारखी सांगितली. देवळात पोथी ऐकावी तशी गोव्यातली माणसं ती चर्चमध्ये ऐकत. पुढं १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारनं हुकूम काढून स्थानिक भाषा बंद करायचा घाट घातला. पण घरातली भाषा हुकमानं बंद होते होय? म्हाताऱ्या बाया कोणत्या भाषेत नातवंडांना निजवत होत्या, ते बघायला कोण सरकारी माणूस जाणार!

बी.ए.ला मराठी घेतलेल्या माझ्या वयाच्या बहुतेकींनी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ निदान अर्धी तरी वाचलेली असतील. मी ती तीनदा वाचलीत, आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी रडू आलं. हसू मात्र प्रत्येक वेळी सगळीकडंच आलं. लक्ष्मीबाई १८६८ सालच्या. माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचं. वडिलांचं सोवळं इतकं कडक की मीठसुद्धा धुऊन घ्यायचे! त्या घरातल्या मुलीचं अकराव्या वर्षी लग्न झालं नारायण वामन टिळकांशी. नवरा कवी, विद्वान, आणि पाय घरात न ठरणारा. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला विचारून नव्हे बरं का. पदरात लहानगा दत्तू, आणि नवरा एका दिवसात परधर्मातला. टिळक केवढेही मोठे असले तरी त्यांचं हे वागणं मला कधी पटलं नाही, आणि आज पंचेचाळिशी ओलांडल्यावर तर मुळीच पटत नाही.

काही वर्षं लक्ष्मीबाई वेगळ्या राहिल्या. पुढं नवऱ्याकडं गेल्या, पण सोवळं बरोबर घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. एका नवरा-बायकोत दोन चुली! बायबल वाचून, उपदेश ऐकून एका रात्रीत त्यांचं मन पालटलं, असं काही घडलं नाही. आधी जात गेली, देव मागाहून आला. ही जात देवानं केली की माणसानं, असा विचार मनात सुरू झाला आणि त्या अडल्या. माणसानंच केली असेल, तर कुणाच्या हातचं पाणी प्यायला काय हरकत? एवढं मनानं घेतलं आणि मग खरंच त्या कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मला यात मोठं काय वाटतं सांगू? या बाईची श्रद्धा पाण्याच्या घागरीपासून सुरू झाली. जिथं आपल्या बायकांचं अर्धं आयुष्य जातं, त्या चुलीपाशी आणि पाण्यापाशीच तिला देवाचा हिशेब करावा लागला.

पुढंही त्यांचा देव संसारातच राहिला. टिळकांच्या हातात पैसा आला की तो दुसऱ्याच्या हातात गेलाच म्हणून समजा. घरात अनाथ पोरं येऊन राहायची, जेवणाऱ्यांची मोजदाद नसायची. आणि हे सगळं निभावणारी कोण? टिळकांची भजनं आजही मराठी चर्चमध्ये पेटी-तबल्यावर म्हटली जातात. ती म्हणताना त्या भजनांमागची रिकामी डाळीची बरणी कुणाला आठवत असेल का, असं मला उगीचच वाटून जातं. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरुवातीच्या अध्यायांवरच थांबलं होतं. ते पुढं नेऊन पूर्ण केलं कुणी? शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी! नवऱ्याच्या अध्यायांपेक्षा बायकोचे अध्याय कितीतरी जास्त आहेत. असो.

दुसरी बाई पंडिता रमाबाई. त्यांच्याविषयी शाळेत आपण शिकतो ते ‘शारदा सदन’ पर्यंत. १८८९, मुंबई, विधवांची शाळा, संपलं! पण त्यांचं घरातलं वागणं मला फार आवडतं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर्सच्या आश्रमात राहत असूनही जेवण मात्र शाकाहारी, अंडं घातलेला गोड पदार्थसुद्धा नको. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमची संस्कृत का नको, असं विचारणारी बाई ती. देव मानला म्हणजे त्याच्याबरोबर आलेली साहेबाची सगळी भांडीकुंडी घरात घ्यायची, हे त्यांना मान्य नव्हतं.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली आणि बायका आणल्या. पुण्याजवळ केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या सुमारास तिथं दीड हजारावर माणसं होती. दीड हजारांचा स्वयंपाक! गटाच्या मेळाव्याला आम्ही दोनशे जणींची जेवणं केली तर दोन दिवस पाठ धरते. तिथं शेती, गुरं, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायका चालवत. आंधळ्या मुलींनाही हातानं वाचायला आणि काम करायला शिकवत. रविवारची उपासना असायचीच, पण सोमवारचं घाण्यावरचं काम वेगळ्या देवाचं नसे.

आणि बायबल! तेव्हाचं मराठी बायबल साध्या बायकांना जड जायचं. मग रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांमधून सगळा ग्रंथ सोप्या मराठीत उतरवायला बसल्या. वर्षानुवर्षं हे काम चाललं. खिळे जुळवायला, छापायला मुक्तीतल्याच बायका. ज्यांना घरच्यांनी टाकलं, ज्या उपाशी आल्या, त्यांनी स्वतःच्या हातांनी देवाचा शब्द जुळवला. १९२१ मध्ये रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा गेली. पोटचा गोळा गेल्यावर माणूस पान उलटवायचं विसरतो. या बाईनं भाषांतर पुरं केलं, आणि ५ एप्रिल १९२२ ला डोळे मिटले. पूर्ण बायबल छापून बाहेर आलं १९२४ मध्ये.

धर्म बदलावा की नाही या वादात मला शिरायचं नाही. तो वाद घालायला पुरुषमंडळी आणि टीव्हीवाले समर्थ आहेत! मला कुतूहल आहे ते रोजच्या जगण्याचं. सगळं सुरळीत असताना देवाचे आभार कुणीही मानेल. नसताना काय?

आमच्या गटातली एक जण काजूच्या कारखान्यात कामाला जाते. काजूचा चीक बोटांना लागला की कातडी सोलून निघते. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा अचानक गेला. दोन पोरं, एक म्हातारी सासू. महिन्याभरानं मी तिच्याकडं गेले होते, जेवायची वेळ होती. ताटं वाढली आणि चौघांनी डोळे मिटून आभाराची प्रार्थना म्हटली. मला राहवलं नाही. पोरं बाहेर गेल्यावर विचारलं, “अगं, आता कसले आभार मानतेस?” तर म्हणाली, “वहिनी, सगळं बरं चाललंय म्हणून थोडंच मानतो? ताटात भात आलाय न्हवं, त्याचे मानायचे. बाकीचं रात्री भांडते की मी देवासंगट.”

देवाशी भांडण! तिनंच मला बायबलमधली स्तोत्रं दाखवली. एकूण १५० आहेत. नाव स्तोत्रसंहिता, म्हणजे सगळी स्तुतीच असेल असं मला वाटलं होतं. वाचायला घेतली तर त्यातली कितीतरी नुसती तक्रार आहेत. देवा, कुठं लपलास, किती दिवस विसरणार, शत्रू हसतायत. आपली जनाबाई नाही का विठोबाला शिव्या द्यायची? माझ्या सासूबाई रावळनाथाला असंच बोलायच्या, “तुला डोळे हायत का न्हाईत?” आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्याच्या पायरीवर फूल ठेवून यायच्या. गोड गोड बोलणंच तेवढं देवाला पोचतं असं कुणी ठरवलं?

त्याच घरातली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. गोव्याकडच्या ख्रिस्ती समाजातसुद्धा नवरा गेला की बायकोचा लग्नातला चुडा फोडायची रीत होती. धर्म बदलला तरी बाईच्या हातातल्या काकणांचं नशीब काही बदललं नाही! अंत्यविधीच्या दिवशी कुणीतरी नात्यातली म्हातारी तिचा हात धरून पुढं झाली. तेव्हा सासू, जी रोज संध्याकाळी तेर्स सांगते तीच, उठून आडवी आली. “हात लावायचा न्हाई तिच्या बांगड्यांना,” एवढंच बोलली. पोटचा पोर समोर पडलेला असताना! मागून मी तिला त्याविषयी विचारलं, तर विषयच बदलला. भात मऊ झालाय का बघ म्हणाली.

आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. आम्ही गटात त्या ठरावाचं कात्रण वाचून दाखवलं. बायका ऐकून गप्प बसल्या. मग एकीनं या सासूचं उदाहरण काढलं, आणि तिथून पुढं बोलणं सुरू झालं ते थांबेना. त्यानंतरच्या संक्रांतीला आमच्या गटाच्या हळदीकुंकवाला पाच जणी आल्या, ज्या आधी कधी आल्या नव्हत्या. दोघींनी कुंकू लावून घेतलं, तिघींनी फक्त तिळगूळ आणि वाण घेतलं. ज्याला त्याला पचेल तसं.

८ सप्टेंबरला मारियेचा, म्हणजे येशूच्या आईचा, जन्मदिवस. आधीचे नऊ दिवस पोरं परड्या भरून फुलं वाहतात. त्या दिवशी भाताची नवी लोंबी चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात, घरी आणतात, आणि तिचे चार दाणे खिरीत घालून सगळ्यांना वाटतात. नव्याच्या पुनवेला आपण दाराला नवी लोंबी बांधतो, तेच की! गेल्या वर्षी त्यांच्या वाट्याची लोंबी आमच्याकडनंच गेली. कारण तिचा वावराचा तुकडा नवऱ्याच्या आजारपणात गहाण पडलाय, अजून सुटलेला नाही. गटातनं दुसरं कर्ज काढून तो सोडवायचं चाललंय. त्यासाठी डिसेंबरात नेवऱ्या, दोदोल आणि कुलकुलांची ऑर्डर घ्यायची असं ठरलंय. दोदोल घोटायला दोन दणकट हात लागतात, म्हणून मीही जाणार आहे. नारळ कुणाकडं स्वस्त मिळाले तर कळवा.