नॉकआउट उंदीर

नॉकआउट उंदीर म्हणजे ज्याच्या पेशींमधील एखादे ठरावीक जनुक हेतुपुरस्सर निकामी केलेले आहे, असा प्रयोगशाळेतील उंदीर होय. जनुक नसल्यामुळे प्राण्याच्या शरीरात कोणता बिघाड होतो, हे पाहून त्या जनुकाचे मूळ कार्य ओळखता येते. भ्रूणीय मूलपेशींच्या साहाय्याने उंदरांत जनुकीय बदल घडवण्याची तत्त्वे शोधल्याबद्दल मारिओ कॅपेकी, मार्टिन एव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना २००७ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

इतिहास

एव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी १९८१ मध्ये केंब्रिज येथे उंदराच्या भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या करून वाढवल्या. त्याच वर्षी अमेरिकेत गेल मार्टिन यांनीही स्वतंत्रपणे हे साध्य केले. बाहेरून सोडलेला डीएनए पेशीतील नेमक्या जनुकाच्या जागी बसवता येतो, हे स्मिथीज यांनी १९८५ मध्ये मानवी पेशींत दाखवले. कॅपेकी आणि कर्क थॉमस यांनी १९८७ मध्ये उंदराच्या मूलपेशींतील एचपीआरटी हे जनुक निकामी केले.

पद्धत

निकामी जनुकाचा डीएनए मूलपेशींमध्ये सोडला असता तो बहुतेक पेशींत भलत्याच ठिकाणी बसतो. योग्य जागी क्वचितच बसतो. म्हणून त्यासोबत एका प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुकही जोडलेले असते. ते प्रतिजैविक दिल्यावर डीएनए न स्वीकारलेल्या पेशी मरतात आणि उरलेल्यांतून नेमका बदल झालेल्या पेशी तपासणीने निवडल्या जातात. मूलपेशींचे महत्त्व यातच आहे: लाखो पेशींतील दुर्मीळ बदल आधी काचपात्रात शोधता येतो आणि मगच त्या पेशीपासून प्राणी घडवता येतो.

निवडलेल्या पेशी दुसऱ्या उंदराच्या सुमारे साडेतीन दिवसांच्या भ्रूणात सोडून तो भ्रूण मादीच्या गर्भाशयात ठेवतात. जन्मणारे पिल्लू दोन प्रकारच्या पेशींचे, म्हणजे ‘कायमेरा’ असते. तपकिरी उंदराच्या मूलपेशी काळ्या उंदराच्या भ्रूणात सोडल्यास त्याच्या अंगावर दोन्ही रंगांचे पट्टे दिसतात. त्याच्या जननपेशी मूलपेशींपासून बनल्या असल्यास बदललेले जनुक काही पिल्लांत उतरते. त्या जनुकाची एकच प्रत असलेल्या नर-मादीच्या संकरातून सरासरी एक चतुर्थांश पिल्लांत दोन्ही प्रती निकामी असतात.

मर्यादा

काही जनुके भ्रूणाच्या वाढीसाठी अनिवार्य असल्याने ती निकामी केल्यास पिल्लू जन्मापूर्वीच मरते. अशा वेळी क्री-लॉक्सपी पद्धतीने केवळ निवडक अवयवांतील जनुक काढून टाकतात.

उंदरातील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होतीलच असे नाही. एचपीआरटी जनुकाच्या अभावी मुलांना लेश-नायहन हा गंभीर विकार होतो व ती स्वतःचेच ओठ आणि बोटे चावतात. हे जनुक नसलेल्या उंदरांत मात्र अशी लक्षणे आढळली नाहीत.

सद्यस्थिती

२०१३ पासून क्रिस्पर तंत्राने फलित अंड्यातच थेट बदल करता येऊ लागल्याने उंदीर घडवण्यास लागणारा कालावधी बराच घटला आहे.