छपराखालचे विमान, विमानाखालचे पाणी

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. उलव्याच्या दलदलीवर घातलेला भराव पाहिला की आम्हाला जुहू आठवते. तेथील विमानतळ १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन तेथेच उतरले. त्यांचे ‘पस मॉथ’ विमान म्हणजे पोलादी नळ्या व लाकूड यांचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेले कापड. दमट हवेत लाकूड फुगते, कापड सैलावते; म्हणून हँगर हवाच. (पंख मागे दुमडता येत, त्यामुळे थोडकी जागाही पुरे!) पण छप्पर अडवते ते वरचे पाणी. जुहूची जमीन सखल. पावसाळ्यात मैदानच पाण्याखाली जाई. तेव्हा टपालाची विमाने घाटमाथ्यापलीकडे, पुण्याच्या येरवड्याला हलवावी लागत.