हिरवा रंग जातो कुठे?

१९१२ च्या सुमारास कॅलिफोर्नियातले बागायतदार लिंबं पिवळी करायला बंद खोल्यांत रॉकेलचे स्टोव्ह पेटवून ठेवत. फळ आत रसाने भरलेलं असे, साल मात्र हिरवीगार; आणि हिरव्या सालीला बाजारात भाव नव्हता. उबेमुळे रंग येतो, असाच सगळ्यांचा समज होता. पण स्टोव्ह काढून नुसती वाफेची ऊब दिली, की लिंबं हिरवीच राहत. मग धुराकडे लक्ष गेलं. १९२४ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या फ्रँक डेनी यांनी दाखवून दिलं, की खरी करामत धुरातल्या इथिलीन वायूची आहे. फळ पिवळं कसं करायचं हे व्यापाऱ्याला कळलं, पण सालीतला हिरवा रंग नेमका कुठे जातो हे कळायला शास्त्रज्ञांना पुढची ऐंशी-नव्वद वर्षं लागली. वनस्पतिशास्त्रातला इतका रोचक शोधप्रवास मराठीत फारसा सांगितला गेलेला नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. लिंबाच्या किंवा केळ्याच्या सालीतला पिवळा रंग बराचसा आधीपासून तिथेच असतो, हिरव्याखाली झाकलेला. पिकताना मुख्य काम होतं ते हिरवा काढून टाकण्याचं. हे काम जोखमीचंही आहे. हिरवा रंग देणारं हरितद्रव्य प्रथिनांत बांधलेलं असतं तोवर सूर्याची ऊर्जा शहाण्यासारखी वापरतं. एकदा ते सुटं झालं, की तीच ऊर्जा ऑक्सिजनवर सोडतं आणि भोवतालच्या पेशी जाळतं. त्यामुळे वनस्पतीला हा रंग नुसता सोडून देऊन चालत नाही, टप्प्याटप्प्याने निकामी करावा लागतो.

पहिला दुवा सापडला १९१० च्या दशकाच्या सुरुवातीला. रिखर्ड व्हिलश्टेटर आणि त्यांचे सहकारी आर्थर श्टोल यांनी हरितद्रव्याच्या रेणूचं लांब शेपूट तोडणारं विकर (एन्झाइम) ओळखलं आणि त्याला ‘क्लोरोफिलेज’ म्हटलं. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी व्हिलश्टेटर यांना १९१५ चं नोबेल मिळालं. विकरं प्रथिनं नसतात, असं याच थोर रसायनशास्त्रज्ञाचं मत होतं, आणि ते खोडून निघायला पुढे काही वर्षं जावी लागली. त्या काळात विकरांबद्दल किती कमी माहिती होती, याची यावरून कल्पना येते.

मग मोठी पोकळी आली. हरितद्रव्याची रचना उलगडली, १९६० मध्ये रसायनशास्त्रज्ञ वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत बनवूनही दाखवलं. ते संपतं कसं, हे मात्र कोणालाच सापडेना. जगभरात दरवर्षी शंभर कोटी टनांच्या आसपास हरितद्रव्य नाहीसं होतं असा अंदाज आहे, आणि त्याचा मागमूस राहत नव्हता! कारण साधं होतं: सगळे रंगीत अवशेष शोधत होते, आणि अवशेष बिनरंगी होते. १९९१ मध्ये फिलिप माटिल आणि बर्नहार्ड क्रॉयटलर यांच्या गटाने पिवळ्या पडलेल्या सातूच्या पानांतून असा एक रंगहीन तुकडा वेगळा केला आणि त्याची रचना मांडली. माझ्या मते या सगळ्या प्रवासातलं खरं वळण हेच. काय उरतं ते कळल्यावर मागे चालत जाऊन मधले टप्पे शोधता आले.

१९९९ मध्ये क्लोरोफिलेजचं जनुक दोन ठिकाणी हाती आलं: इस्रायलमध्ये व्हॅलेन्शिया संत्र्यातून, तर जपानमध्ये चक्क चाकवतातून. संत्र्यातलं जनुक इथिलीन दिल्यावर जागं होत होतं. कॅलिफोर्नियातल्या स्टोव्हचं कोडं सुटलं, असं वाटण्याजोगीच ही गोष्ट होती. २००३ मध्ये हरितद्रव्याच्या रेणूतलं कडं उघडणाऱ्या विकराचं जनुकही सापडलं. या विकराला ‘पाओ’ म्हणतात. हिरवेपणा खऱ्या अर्थाने संपतो तो या टप्प्यावर. हे विकर नसलेल्या मक्याच्या पानांवर जळल्यासारखे ठिपके पडतात, कारण अर्धवट तुटलेलं हरितद्रव्य साचून उजेडात पेशी मारतं.

याच सुमाराला दुसऱ्या बाजूने एक जुनी वाट येऊन मिळाली. वेल्समधल्या ॲबरिस्टविथला १९७० च्या दशकात एक गवत सापडलं होतं, जे वाळताना पिवळं पडतच नसे. २००७ मध्ये त्या गवताच्या आधारे यामागचं जनुक सापडलं, आणि तेच मेंडेलच्या वाटाण्यातही निघालं. १८६६ च्या निबंधात मेंडेलने हिरव्या आणि पिवळ्या दाण्यांची जी जोडी मांडली, तिच्यामागे हे जनुक होतं. आता ते ‘एसजीआर’ या नावाने ओळखलं जातं. लगेच २००८ मध्ये टोमॅटो आणि ढोबळी मिरचीतही त्याची बिघडलेली रूपं दिसली. टोमॅटोत प्रथिनाचं एकच अमिनो आम्ल बदललेलं होतं. असा टोमॅटो पिकतो, मऊ होतो, लाल रंगही भरपूर धरतो, पण हिरवा जात नाही. लालवर हिरवा मिसळून तो मातकट तपकिरी दिसतो. परदेशात ‘काळे टोमॅटो’ म्हणून विकली जाणारी अनेक वाणं हीच.

२००८ मधलाच आणखी एक शोध केळ्याचा. क्रॉयटलर यांच्या गटाला दिसलं, की पिकलेलं पिवळं केळं अतिनील प्रकाशात निळं चमकतं. दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, तशा दिव्याखाली अंधारात केळं धरून पाहावं. हिरवं केळं चमकत नाही; पिवळं चमकतं; आणि सालीवर काळे ठिपके पडू लागले, की त्यांच्याभोवती निळी कडी दिसतात. हरितद्रव्याचे तुकडे बिनरंगी होण्याआधी एका टप्प्यावर असे चमकतात. पानांत हा टप्पा पटकन सरतो, केळ्याच्या सालीत ते तुकडे टिकून राहतात.

पण क्लोरोफिलेजचं काय? जवळजवळ शतकभर पहिल्या पायरीचा मान त्याला होता. २००७ मध्ये दिसलं, की ॲराबिडॉप्सिस या छोट्या रोपातून ते काढून टाकलं तरी पानं पिवळी होतात. त्याच वर्षी लिंबू-संत्र्यावर काम करणाऱ्यांनी मात्र तेच मुख्य विकर असल्याचा पुरावा दिला. २००९ मध्ये शेपूट तोडणारं दुसरं विकर सापडलं आणि वाटलं, वाद मिटला. पण २०१४ मध्ये टोमॅटोत हे दुसरं विकर बंद पाडल्यावर पानं हिरवी राहिली, फळं मात्र बहुतेक नेहमीसारखी रंग बदलती झाली. फळाची वाट पानाहून वेगळी आहे, हे त्यातून दिसलं. पानांवरचे निष्कर्ष उचलून फळांना लावण्याची सवय त्यानंतर तरी सुटायला हवी होती. अजूनही ती पुरती सुटलेली नाही. २०१६ मध्ये होक्काइडो विद्यापीठातून शेवटचा मोठा दुवा जुळला: मेंडेलच्या वाटाण्यातलं एसजीआर हेच हरितद्रव्याच्या मधोमध बसलेलं मॅग्नेशियम काढून घेतं.

हे सगळं आपल्याकडे येऊन भिडतं ते जळगावात. कॅव्हेंडिश गटातली केळी, म्हणजे आपली बसराई आणि ग्रँड नैन, साधारण २४ अंशांच्या वर पिकवली तर आतून गोड आणि मऊ होतात, साल मात्र हिरवटच राहते. उष्णतेत हिरवा मोडणाऱ्या साखळीतल्या काही जनुकांचं काम मंदावतं. म्हणून खानदेशच्या उन्हाळ्यात केळी पिवळी करायची तर १६ ते १८ अंशांची रायपनिंग चेंबर हवी, इथिलीन हवं, वीज हवी. नागपुरी संत्र्याचीही गत तीच: रात्री गार झाल्याशिवाय सालीला रंग फुटत नाही. ज्याच्याकडे चेंबर नाही, त्याने आतून पिकलेलं फळ हिरवं म्हणून कमी भावात द्यायचं. भाजीच्या केळीच्या काही जाती मात्र त्याच उष्णतेत व्यवस्थित पिवळ्या होतात. म्हणजे उष्णतेला न दबणारी ही साखळी केळीच्या कुळातच आहे, आणि बसराईत ती कुठे अडते ते नेमकं हेरलं, तर ती वाणात आणण्याचा प्रयत्न करता येईल.