सुट्टीतले पाणबुडे आणि मालवणची पोवळी

पोवळे म्हटले की आपल्याला सोनाराचे दुकान आठवते. अंगठीतला लाल खडा, एवढीच आपली त्याची ओळख. पण या पोवळ्याची भावंडे आपल्या कोकणात, मालवणच्या समुद्रात जिवंत आहेत. त्यांना प्रवाळ म्हणतात. दिसायला खडकासारखी, रंगाने तपकिरी नाहीतर हिरवट.

प्रवाळ हा प्राणी आहे. एकेक जीव अगदी बारीक. पण तो समुद्रातला चुना घेऊन आपल्याभोवती घर बांधतो. अशी हजारो घरे एकमेकांना चिकटली की त्यांचा खडक होतो. या जिवाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. शेवाळ उन्हावर अन्न तयार करते आणि घरमालकाला त्यातला वाटा देते. जणू जमीन एकाची नि कसणारा दुसरा! पाणी फार तापले की हे शेवाळ निघून जाते, प्रवाळ पांढरा पडतो आणि तसाच राहिला तर उपासमारीने मरतो.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा सुमारे 29 चौरस किलोमीटरचा समुद्र 1987 साली सागरी अभयारण्य ठरला. आपली मासेमारी जाईल या धास्तीने तिथल्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला. ती धास्ती पोटाची होती. पुढे पाठीवर हवेची टाकी लावून बुडी मारण्याची हौस वाढली. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तिचे प्रशिक्षण केंद्रही काढले. सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांमुळे होडीवाल्याला, खानावळवाल्याला दोन पैसे मिळू लागले. प्रवाळ जिवंत राहिले तरच पाहुणे येणार, हा हिशेब आता घरोघरी कळतो.

मात्र हाच पाहुणा नुकसानही करतो. पायातल्या पंखांचा एक फटका बसला, तर वर्षानुवर्षे वाढलेला तुकडा मोडतो. पुष्कळ प्रवाळ वर्षाला जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वाढतात. होडीचा नांगर पडला तर त्याहून वाईट.

मग भल्या पाहुण्याने करावे काय? पहिले, पाण्यात अधांतरी राहण्याची हातोटी उथळ पाण्यात शिकून घ्यावी, मगच प्रवाळांकडे जावे. दुसरे, कशालाही हात लावू नये, कशावर उभे राहू नये, आठवण म्हणून तुकडा आणू नये. 2001 पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. तिसरे, नांगर न टाकता कायमच्या तरंगत्या खुणेला होडी बांधणारा नावाडी निवडावा. चौथे, मोजणीला हातभार लावावा. 1997 पासून जगात अनेक ठिकाणी हौशी पाणबुडे तज्ज्ञांकडून शिकून प्रवाळांची व माशांची नोंद करतात. एकाच जागेची नोंद दरवर्षी झाली, म्हणजे घट कुठे होते ते कळते. अडकलेली जाळी काढणे मात्र शिकलेल्यांचेच काम. नवख्याने त्यात पडू नये.

समुद्र तापतो आहे, त्याला एकटा पाणबुड्या काय करणार, असे कोणी म्हणेल. खरे आहे. तो पाणी थंड करू शकत नाही. पण आजारी माणसाला निदान धक्के तरी मारू नयेत!

आणि आपण धाटावकर? आपल्याजवळून कुंडलिका वाहते, ती रेवदंड्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. मालवण दूर आहे, इथला गाळ तिथे जातो असे नव्हे. पण प्रत्येक किनाऱ्याला त्याच्या नद्या गाळ नि कचरा पोचवतात. गुरुजींनी वर्गात काचेचे दोन पेले घ्यावेत. एकात स्वच्छ पाणी, दुसऱ्यात मातीचे. मागून बॅटरी धरावी. दुसऱ्या पेल्यातून उजेड किती येतो ते मुलांना पाहू द्यावे. शेवाळाला ऊन का मिळत नाही, हे वेगळे सांगावे लागणार नाही. समुद्र न पाहिलेले मूलही मग नदीत पिशवी टाकताना थांबेल.